प्रमोद आला की या दोघं

गेल्या मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी दहा ते दुपारी पावणेएकच्या दरम्यान, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावात उज्ज्वलाताईंवर अन्याय झाला. करणारे कोण, ते मला माहीत आहे. तीन जोडपी, सहा माणसं. सगळी शिकलेली, सगळी मराठी, सगळी चांगली. ‘चांगली’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहितेय. वाईट माणसांसाठी वकील असतात, पोलीस असतात, आमच्यासारख्यांचे मोर्चे असतात. चांगल्या माणसांनी चांगुलपणाने केलेल्या गोष्टीची तक्रार कोणत्या खिडकीवर द्यायची, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. म्हणून इथे देते.

ताई आमच्याच इमारतीत, माझ्या बरोब्बर वरच्या घरात राहायच्या. मी विद्यापीठात पीएचडी करते आणि तिथे शिकवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या युनियनची पत्रकं लिहिते. आमची ओळखही पत्रकावरूनच झाली. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत इमारतीचं हीटिंग बंद पडलं आणि मालक फोन उचलेना. मी रहिवाशांसाठी पत्रक काढलं, इंग्रजीत, हिंदीत आणि हौसेने मराठीत, आणि प्रत्येक दाराखालून सरकवलं. अर्ध्या तासात माझं दार वाजलं. दारात एक उंच, सावळी, चाळिशी ओलांडलेली बाई. दोन स्वेटरांवर शाल, आणि हातात माझं पत्रक, त्यावर लाल पेनाच्या खुणा.

“हे तू लिहिलंस?”

“हो.”

“‘इमारतीतील सर्व रहिवासी हवालदिल झाले आहेत.’ सर्व म्हणजे किती? मोजलेस?”

“नाही, पण—”

“मी हवालदिल नाही. मला थंडी वाजतेय. तेवढंच लिही की. थंडी वाजते हे पुरेसं आहे.”

मला राग आला. पण पुन्हा वाचलं तर बाईचं बरोबर होतं. ‘आम्हाला थंडी वाजते’ अशा तीन शब्दांचं पत्रक त्या इमारतीतून पहिल्यांदाच गेलं आणि खाली सही करायला लोक स्वतःहून आले. सह्या ताईंनी मोजल्या.

हा मोजण्याचा रोग त्यांना नोकरीतून लागला होता. सांगलीकडच्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौदा वर्षं काढली. पहाटे कॅन यायचे, ताई नमुना काढायच्या, फॅट बघायच्या, पाणी बघायच्या, आणि पाणी असेल त्या कॅनवर खडूने फुली मारायच्या. एकदा सख्ख्या मामाच्या दोन कॅनवर फुली मारली. मामी ताईंच्या लग्नाला आली, अक्षता टाकल्या आणि जेवण न करता निघून गेली. हे सांगताना ताईंना ना पश्चात्ताप असायचा ना अभिमान. “पाणी होतं,” एवढंच म्हणायच्या. मग प्रमोदला इकडे नोकरी लागली, ताई त्याच्या मागोमाग आल्या. व्हिसा असा, की नवऱ्याबरोबर राहायची परवानगी, काम करायची नाही. प्रयोगशाळा गेली, पण सवय राहिली. कोणी फार गोड बोललं की त्या मला हळूच विचारायच्या, “यात पाणी किती गं?”

प्रमोद हा त्यांच्या बरोब्बर उलटा. मऊ, लाजाळू, कुणी मोठ्याने बोललं तर चष्मा काढून पुसत बसणारा. ताईंचं म्हणणं, प्रमोदला मित्र पाहिजेत. “ऑफिस आणि मी, एवढ्यावर माणूस जगत नाही. मीही जगत नाही, पण माझं मी बघेन.” म्हणजे दोघांना मिळून मित्र पाहिजेत. आणि चाळिशीनंतर, परदेशात, जोडप्याने जोडप्याशी मैत्री करायची म्हणजे काय असतं, हे मला ताईंमुळे कळलं. त्यांचा हिशोब असा: “दोन माणसांची मैत्री म्हणजे एक तार. दोन जोडप्यांची म्हणजे चार तारा. मला ती आवडली पाहिजे, तो आवडला पाहिजे, प्रमोदला दोघं आवडली पाहिजेत. आणि तिकडनंही तेच. एक तार ढिली असली की सगळं बंद. लग्न जुळवणं सोपं, तिथे निदान मध्यस्थ असतो.”

बहुतेक जोडप्यांना मध्यस्थ असतो. त्याला मुलं म्हणतात. मुलांच्या शाळेतून, कथकच्या क्लासमधून, वाढदिवसांच्या पार्ट्यांमधून आईबाप एकमेकांना मिळत जातात. ताईंना मूल नव्हतं.

मग त्यांनी मला विचारलं, “तुझ्या युनियनात माणसं कशी जोडता?”

मी मोठ्या रुबाबात सांगितलं, “सरळ मागायचं, ताई. ‘कधीतरी या’ म्हटलं की कोणी येत नाही. वार, वेळ, काम, तिन्ही सांगून मागायचं.”

ही पद्धत मी शिकवली. हे नोंदवून ठेवते.

त्याचा पहिला प्रयोग इंडियन ग्रोसरीच्या दुकानात झाला. भाजीच्या रॅकपाशी सुजाता आणि निखिल भेटले. त्यांना गणपतीच्या कार्यक्रमात एकदा पाहिलेलं. दोन मिनिटं ‘कुठले, किती वर्षं झाली’ झालं आणि सुजाता निघताना म्हणाली, “या ना एकदा घरी!”

“कधी?” ताई म्हणाल्या.

“अं... केव्हाही! आपलंच घर समजा.”

“आज सहा वाजता?”

“आज नाही गं, आज मुलीचा क्लास—”

“मग केव्हाही कसं? तुम्ही वार सांगा.” आणि ताईंनी कोथिंबिरीच्या जुड्यांवर फोन आडवा ठेवून कॅलेंडर उघडलं. प्रमोदचा चष्मा तोवर निघाला होता.

आता सुजाताची बाजू. ती खळखळून हसली. “यार, मला असं कोणी विचारलंच नव्हतं,” म्हणाली आणि तिथल्या तिथे पाच आठवड्यांनंतरचा शनिवार दिला. ती मुळात उघड्या मनाची बाई आहे. म्हणूनच मला तिचा जास्त राग येतो.

त्या शनिवारी सुजाताच्या घरी आणखी दोन जोडपी होती, जुनी, एकमेकांत मुरलेली. जेवणाआधीच एकाने विचारलं, “मुलं काय करतात तुमची?”

“मुलं नाहीत,” ताई म्हणाल्या. “सहा वर्षं प्रयत्न केले, मग थांबलो. आता ठीक आहे. पुढचा प्रश्न विचारा.”

पुढचा प्रश्न कोणालाच सुचला नाही. इतक्या वर्षांत ते नेहमी याच प्रश्नावरून पुढे गेले होते, ते तरी काय करणार? प्रमोदने मग हवामानाविषयी काहीतरी सांगितलं म्हणे. बिचारा.

जेवणानंतर रिवाजाप्रमाणे पुरुष तळघरात गेले, बायका स्वयंपाकघरात राहिल्या. कुणी ठरवलेलं नसतं, पण जातात. वर ओट्याच्या दगडाविषयी बोलणं सुरू झालं, हा दगड का तो दगड. ताईंनी वीस मिनिटं ऐकलं आणि जिना उतरून खाली गेल्या. चारही पुरुष गप्प झाले.

“काही हवंय का, वहिनी?” निखिलने उठत विचारलं.

“नाही, बसायला आलेय. वर दगडावर चाललंय. तुमचं काय चाललंय?”

त्यांचं नोकरकपातीवर चाललं होतं. ताई बसल्या, ऐकलं, दोन प्रश्न विचारले. निखिल नंतर म्हणाला, त्याच्या नोकरीविषयी इतका नेमका प्रश्न त्याला सहा महिन्यांत कोणी विचारला नव्हता. पण तो हे सुजाताकडे म्हणाला, आणि सुजाताला ते आवडलं नाही. तिने तसं म्हटलं नाही. हसली फक्त.

घरी येताना गाडीत प्रमोदने विचारलं, “जमलं का गं?” ताई म्हणाल्या, “अडीच तारा जुळल्या.” हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं, आनंदाने. अडीच पुष्कळ होत्या.

आणि खरंच, वर्षभर चाललं. दर दीड-दोन महिन्यांनी कुणाच्यातरी घरी आठ माणसं जमायची. ताईंच्या घरी पाळी आली तेव्हा त्यांनी पिठलं-भाकरी केली. “तेरा पदार्थ करणार होते, दमले, म्हणून एकच केला,” असं दारातच सांगितलं. बायकांनी “किती छान, किती ऑथेंटिक” म्हटलं. निखिलने तीन भाकऱ्या खाल्ल्या. प्रमोद त्या दिवशी मोठ्याने हसला, इतक्या मोठ्याने की मला खालच्या मजल्यावर ऐकू आलं. तेव्हा मला वाटलं, जमलं. हे आठ लोक आता एकमेकांचे झाले.

मग डिसेंबरात प्रमोद पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का मारून घ्यायला मुंबईला गेला, तो इकडे मारून मिळत नाही. तीन आठवड्यांचं काम. ताई गेल्या नाहीत, कारण त्यांची इकडे डॉक्टरकडची तारीख होती. तिकडे प्रमोदची वकिलातीतली मुलाखत पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. अशी अडकलेली माणसं इथे आता प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी आहेत, त्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. ताईंना निरोप यायला लागले: “अय्यो, अजून तिकडेच? प्रमोद आला की या हं दोघं!”

हे वाक्य नीट ऐका. त्यात माया आहे, आमंत्रण आहे, आणि दार लावल्याचा आवाज आहे. या गावांमध्ये जेवायला माणूस बोलावत नाहीत, जोडपं बोलावतात. अर्धं जोडपं आलं तर त्याला कुठे बसवायचं हे कुणाला माहीत नसतं. बाई एकटी असेल तर आणखीच. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. ताई एकट्याच जेवत होत्या. कधी मी वर जायचे. मी चांगली कंपनी नाही, मी सारखी फोनवर असते.

मार्चच्या पहिल्या शनिवारी सुजाताकडे जेवण आहे, हे ताईंना ग्रुपवर कळलं. त्यांनी सुजाताला फोन केला. “मी येऊ का? प्रमोद नाही, पण मी आहे.” सुजाता म्हणाली, “अगं, विचारतेस काय!” ताई गेल्या. टेबलाला आठ खुर्च्या, माणसं सात. प्रमोदची खुर्ची कुणीतरी भिंतीला सरकवून ठेवली होती, तरी जागा उरतच होती.

श्रीखंड वाढून झाल्यावर ताईंनी विषय काढला. मी शिकवलेल्या पद्धतीने. वार, वेळ, काम.

“मला एक मदत पाहिजे. येत्या गुरुवारी माझ्या गर्भाशयाची तपासणी आहे. आत गाठ आहे, तुकडा काढून बघणार आहेत. भूल देणार आहेत, म्हणून एकटीला घरी सोडत नाहीत. टॅक्सीत बसवून देत नाहीत. ओळखीचं माणूस तिथे यायला पाहिजे. सकाळी दहा ते एक. कोण येईल?”

श्रीखंड खाताना गर्भाशय म्हणायचं नसतं. सहा चमचे थांबले. तिघे पुरुष वाट्यांकडे बघत बसले. मग सुजाताने ताईंच्या हातावर हात ठेवला.

“अगं, असं काय विचारतेस! मी आहे ना. मी, नाहीतर निखिल. आमच्यापैकी एक नक्की. हक्काने सांगायचं!”

“हक्काने सांगितलंच की. दहाला?”

“दहाला.”

बाकीच्या दोन जोडप्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. त्या रात्री ताईंनी मला फोन करून सांगितलं, “मिळालं गं माणूस.” मी तेव्हा संपाच्या तयारीत गळ्यापर्यंत बुडालेली. “मस्त!” म्हटलं आणि ठेवला.

गुरुवारी ताई उपाशीपोटी साडेनऊपासून इमारतीखाली उभ्या होत्या. दहा वाजून पाच मिनिटांनी सुजाताचा निरोप आला: “सो सॉरी! ऑफिसात अर्जंट आलंय, आणि निखिलला मीटिंग्ज आहेत बॅक टु बॅक. तू टॅक्सीने हो पुढे, घ्यायला यायला कोणीतरी बघते मी.”

ताई टॅक्सीने पुढे झाल्या.

तिथे नर्सने विचारलं, न्यायला कोण येणार? ताईंनी खरं तेच सांगितलं: एक मैत्रीण कोणीतरी बघतेय. नर्स म्हणाली, कोणीतरी चालत नाही, नाव लागतं. ताईंनी सुजाताला फोन केला. उचलला नाही. दुसऱ्या जोडप्याला केला. ते दोघं न्यूयॉर्कच्या ऑफिसात. तिसऱ्यांकडे मुलाला ताप. मला तीनदा केला. मी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर कर्णा घेऊन ‘आम्ही एकमेकांना सोडणार नाही’ असं तीनशे लोकांकडून वदवून घेत होते. फोन पिशवीत, पिशवी कुणाच्यातरी गाडीत. पुढे काही म्हणण्याआधी हे लिहिणं भाग आहे.

मग ताईंनी जे केलं ते फक्त त्याच करू शकतात. त्या वेटिंग रूमच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि आपल्या सांगलीच्या इंग्रजीत सगळ्यांना म्हणाल्या, मला दोन तासांनी घरी सोडायला माणूस पाहिजे, इथून वीस मिनिटं, कोणी येईल का?

लोकांनी मासिकं वर केली. पण कोपऱ्यातला एक म्हातारा अमेरिकन, बेसबॉलची टोपी घातलेला, बायको आत गेलेली, त्याने हात वर केला. नर्सपाशी आला आणि म्हणाला, “मी नेतो तिला. माझी शेजारीण आहे.”

नर्सला हायसं वाटलं. तिलाही ते पाहिजेच होतं. तिने पेन उचललं आणि नियमाप्रमाणे ताईंना विचारलं, “तुम्ही यांना ओळखता?”

एक ‘येस’ लागत होता. एक शब्द.

ताई म्हणाल्या, “नो. आय डोन्ट नो हिम. ही इज ओन्ली काइंड.”

नर्सने पेन खाली ठेवलं. पावणेएकला ताईंचं नाव यादीतून कापलं. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची.

संध्याकाळी मी धावत वर गेले आणि चक्क ओरडले. “एक शब्द, ताई! ‘हो’ म्हणायचं होतं! कुणाचं काय गेलं असतं?”

“तो माझ्यासाठी खोटं बोलला. मी कुणासाठी बोलले असते? आणि मला वाटेत काही झालं असतं तर त्या नर्सची नोकरी गेली असती.” मग म्हणाल्या, “तो चांगला होता गं. त्याचं नाव विचारायचं राहिलं.”

मी तेव्हा ताईंवर चिडले, अजूनही चिडलेली आहे. ज्या जगात मित्र न येण्यासाठी खोटं बोलतात (ते शनिवारी कळलं) आणि परका येण्यासाठी खोटं बोलतो, त्या जगात खरं बोलून आपलीच तपासणी रद्द करून घेणं मला पटत नाही. पण हे मला त्यांना पटवता आलं नाही, आणि माझा धंदाच पटवण्याचा आहे.

शनिवारी सुजाता गाजरहलव्याचा डबा घेऊन आली. मी तिथेच होते, चहा करत होते. “किती वाईट वाटलं मला, दोन रात्री झोप नाही,” असं सगळं झालं. ताईंनी डबा घेतला, बाजूला ठेवला.

“सुजाता, निखिलला मीटिंग होती?”

“अगं हो ना, एकामागून एक—”

“मी चिडलेली नाही. फक्त सांग. होती?”

चहा उकळून वर आला तो मी गॅस बंद करून थांबवला. सुजाता खाली बघत होती.

“नव्हती,” ती म्हणाली.

“मग?”

“माझं ऑफिसचं खरं होतं, शप्पथ. निखिल घरीच होता. पण त्याला एकट्याला कसा पाठवू, उज्ज्वला? प्रमोद इथे नाही. तू भुलेत असणार. तुला धरून गाडीत बसवायचं, वर घरापर्यंत आणायचं... लोकांचं सोड, मलाच कसंतरी वाटलं. आणि त्यालाही. तो म्हणाला, बायकांची ती तपासणी, मी तिथे कोण म्हणून बसू? विचारलं तर कोण म्हणून सांगू?”

“मित्र म्हणून.”

सुजाताने बाजूला ठेवलेला डबा उगाच सरळ केला.

“बरं, वाटलं कसंतरी. वाटू शकतं,” ताई म्हणाल्या. “मग हे बुधवारी का नाही सांगितलंस? मी दुसरं कोणी शोधलं असतं.”

“बुधवारी सांगितलं असतं तर तुला किती वाईट वाटलं असतं!”

हे तिने मनापासून म्हटलं. मी शेजारी उभी होते, तोंड बघत होते. तिला खरंच असं वाटत होतं, की तिने ताईंना जपलं. अख्खी संस्कृती या एका वाक्यावर उभी आहे आणि कुणी तिला हलवत नाही. नकार द्यायचा नाही, कारण नकाराने मन दुखतं. त्यापेक्षा माणूस रस्त्यावर उभं राहू द्यायचं, उपाशी, पिशवीत कागदपत्रं घेऊन, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी मीटिंग काढायची. मन दुखत नाही. दुसरं काय दुखायचं ते दुखू दे.

ताईंनी तिला चहा दिला. हलवा चाखला. “वेलची जास्त झालीय,” म्हणाल्या. आणि सुजाता रडायला लागली.

सहा आठवड्यांनी मी गेले ताईंबरोबर. तिथल्या फॉर्मवर ‘नातं काय’ या ओळीत मी ‘शेजारी’ लिहिलं, ताईंनी ते वाचून मान डोलावली. आठ दिवसांनी निकाल आला. गाठ चांगली नव्हती.

मी त्याच दिवशी हे लिहायला घेतलं होतं. पहिलं वाक्य असं होतं: ‘सहा आठवड्यांच्या विलंबाने एका स्त्रीचा जीव धोक्यात घातला.’ ताईंनी कागद मागून घेतला, लाल पेन शोधलं.

“सहा आठवड्यांत ती किती वाढली?”

“ते... नक्की नाही सांगता येत, पण—”

“डॉक्टरलाही नाही येत. मी विचारलं. मग तुला कुठनं कळलं?”

“ताई, तुम्ही त्यांची बाजू घेताय!”

“मी कुणाची बाजू घेत नाही. जे मोजलेलं नाही ते लिहू नको. ‘येतो म्हणाले, आले नाहीत, कारण खोटं सांगितलं.’ एवढं झालंय. पुरेसं आहे की.”

म्हणून मी ते वाक्य लिहिलेलं नाही. माझा आरोप एवढाच आहे: येतो म्हणाले, आले नाहीत, कारण खोटं सांगितलं. बाकीचं मला वाटतं ते मी माझ्यापाशी ठेवते, आणि ते ठेवणं फार जड जातं.

प्रमोदचा शिक्का आलाच नाही. उपचार करायचे तर घरच्या माणसांत, म्हणून ताईंनी परत जायचं ठरवलं. जूनच्या एका शनिवारी त्यांनी ग्रुपवर टाकलं, की घर रिकामं करतेय, सामान फुकट आहे, येऊन न्या. सकाळपासून तिन्ही जोडपी येऊन गेली. ज्यांना मार्चमध्ये तीन तास सापडत नव्हते, ते तासाभरात हजर झाले. मी नुसती बघत होते. प्रत्येक वस्तूवर ताईंनी चिठ्ठी लावलेली. ‘मिक्सर: मोठ्या भांड्याचं झाकण हाताने धरावं लागतं.’ ‘दिवा: मधूनच विझतो, टिचकी मारावी.’ ‘पलंग: उजवीकडून करकरतो.’ बायका चिठ्ठ्या वाचून हसत होत्या आणि वस्तू नेत होत्या.

दुपारी सोफा न्यायला निखिल आला. सुजाता मुलीच्या क्लासला गेली होती. तो एकटाच आला. मी खाली खोके उतरवत होते, घरात ताई एकट्या, आणि तो वर गेला, दार ढकलून, सहज. सोफ्यासाठी त्याला कोण म्हणून जाऊ, असा प्रश्न पडला नाही.

मी जिना चढून आले तेव्हा ताई पायाने दार अडवून उभ्या होत्या, अंगावर प्रमोदचा जुना शर्ट, आणि निखिल सोफ्याचं एक टोक उचलून वाकलेला. मी दुसरं टोक धरलं. उंबऱ्यात तो थांबला, धाप लागलेली. म्हणाला, “उज्ज्वला, तिकडे गेल्यावरही काही लागलं तर सांगायचं हं. संकोच करायचा नाही.”

“लागलं होतं,” ताई म्हणाल्या.

निखिलने माझ्याकडे बघितलं. मी जिन्याकडे बघितलं.

“डावीकडनं सांभाळ,” ताई त्याला म्हणाल्या, “तिथे खिळा वर आलाय.”

आता तुमचं. तुमच्या ओळखीत असं एक माणूस आहे, ज्याचा जोडीदार सध्या इथे नाही. अडकलाय, सोडून गेलाय किंवा वारलाय. नाव लगेच आठवलं असेल. त्या माणसाला आज फोन करा आणि येत्या शनिवारी जेवायला बोलवा, एकट्याला, वेळ सांगून. आणि त्याने तुमच्याकडे काही मागितलं, जे तुम्हाला जमणार नाही किंवा करायला कसंतरी वाटतं, तर त्याच फोनवर, त्याच मिनिटाला, ‘मला जमणार नाही’ म्हणा. त्याला वाईट वाटू द्या.